डबीतल्या पक्ष्याची खोटी हाक

घरात मला ठिणगी म्हणतात, आणि लाडाने म्हणतात असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. कुणी उलट बोललं की मी पेटते. बाबा घड्याळजी, मीही घड्याळजी. बाबा म्हणतात, त्यांच्या हातात घड्याळ रमतगमत चालू होतं आणि माझ्या हातात घाबरून.

दुकान म्हणजे एकच खोली. खिडकीखाली लांब टेबल, एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला मी. बाबांचे कान गेली काही वर्षं उतरत चालले होते. बारीक टिकटिक ऐकायची तर ते एक लाकडी काडी दातांत धरतात आणि तिचं दुसरं टोक घड्याळाला टेकवतात. मग म्हणे आवाज हाडांतून येतो. गिऱ्हाइकं हसतात, हसू देत.

त्या महिन्यात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की जे उरलंसुरलं आहे तेही आता फार टिकायचं नाही. बाबांनी नुसती मान हलवली. घरी येताना रस्त्यात मात्र थांबले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा तो पक्षी ऐकायला हवा होता."

तो पक्षी मला जन्मापासून ठाऊक, फक्त ऐकून. पोरवयात बाबा ज्या म्हाताऱ्या घड्याळजींच्या हाताखाली शिकले, त्यांच्याकडे एकदा एक डबी दुरुस्तीला आली होती. चावी द्यायची, कळ सरकवायची, की झाकण उघडतं, नखाएवढा पक्षी ताठ उभा राहतो, पंख हलवतो, चोच उघडतो आणि गातो. आत एक इवलासा भाता, एक शिट्टी आणि काही पितळी चकत्या. चकत्यांच्या कडेला जे उंचसखल कापलेलं असतं, तेच गाणं. बाबांनी ते ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं की जन्मभर हेच काम करायचं. माणसाने पितळेत पाखरू गायला लावावं, हे आठवलं की त्यांचे डोळे अजून मोठे होतात.

मी इंटरनेटवरच्या लिलावात शोधायला बसले. सुटे भाग आम्ही तिथूनच घेतो, माझं खातंही तिथे ठिणगी याच नावाने. आणि देव पावला म्हणायचा, अगदी तशीच एक डबी लिलावाला आली. विकणारी एक निवृत्त सुईण. मी बोली लावली, वाढवली, पुन्हा वाढवली, आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी माझ्या वर गेलं. त्या कुणातरीच्या सात पिढ्यांचा मी स्वयंपाकघरात उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आला. 'तुमच्यासाठी दुसरी संधी.' जिंकणाऱ्याने माघार घेतली आहे, पुढची बोली तुमची, डबी तुम्हाला मिळू शकते. वर लिलावाचं चिन्ह, तेच रंग, मध्ये त्याच डबीचा फोटो. मात्र संध्याकाळपर्यंत उत्तर हवं, आणि पैसे थेट विकणाऱ्याच्या खात्यावर, म्हणजे लिलावाचं कमिशन वाचेल. खाली निळं बटण: इथून लॉगिन करा.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातून कुणाला कळलं की मला नेमकं काय हवंय? मी बटण दाबलं, पासवर्ड टाकला. पान म्हणालं, चुकला, पुन्हा टाका. माझा पासवर्ड आणि चुकला? मी तणतणत पुन्हा टाकला, कीबोर्डचा जीव जाईल असा. दुसरं पान उघडलं आणि त्याने बँकेचे तपशील मागितले.

बाबांना ऐकू येत नव्हतं, पण त्यांचा तळहात टेबलावर होता. "टेबल का हादरतंय?" म्हणत ते उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी त्यांच्या डाव्या कानापाशी ओरडून आनंदाची बातमी सांगितली. ते खुश होतील असं वाटलं होतं. पण ते पडद्याकडे बघत राहिले, बंद पडलेल्या घड्याळाकडे बघतात तसे.

"आत कुठून गेलीस?"

मी निळं बटण दाखवलं. बाबांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. मी चुकीच्या स्क्रूला हात घालते तेव्हा ठेवतात, तसंच.

"त्यांनी दाखवलेल्या बाजूने?"

बस, एवढंच. आमच्या दुकानाचा हा पहिला धडा. गिऱ्हाईक म्हणतं, इथे जरा घट्ट करा, बाकी सगळं ठीक आहे. त्याचं ऐकून घ्यायचं, पण झाकण आपण आपल्या बाजूने उघडायचं. रोज दुकानात पाळते आणि त्या दिवशी साफ विसरले होते.

मी दुसरी खिडकी उघडली आणि लिलावाचा पत्ता रोजच्यासारखा स्वतः टाईप केला. 'नमस्कार, ठिणगी.' आत संदेश एकही नाही. डबीखाली लिहिलेलं: विकली गेली. माघारबिघार काही नाही. मग मी दोन्ही पानं शेजारी शेजारी लावली. तोच रंग, तीच अक्षरं, तोच पक्षी. फक्त खोट्याचा पत्ता भलताच होता, आणि मेलमध्ये मी ठिणगी नव्हते, नुसती 'प्रिय सदस्य' होते. इतकं हुबेहूब काम! एवढी कारागिरी, आणि ती कशासाठी, तर माझ्यासारखीचा खिसा कापायला. चीड यायला हवी होती, पण आधी मी थक्कच झाले. आणि कळलं, त्या भामट्यांना काही अंतर्ज्ञान नव्हतं. लिलाव हरलेल्याची हळहळ ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

बँकेचे तपशील अजून दिले नव्हते, पासवर्ड मात्र तिथल्या तिथे बदलला. आळसाने तोच जिथे जिथे ठेवला होता, तिथेही बदलला. मेल लिलाववाल्यांना पाठवून दिला. मग खऱ्या दाराने, तिथल्याच संदेशांतून, सुईणबाईंना लिहिलं: तुमच्या नावावर असं चाललंय, सांभाळा. थांबायला हवं होतं, पण बोटं थांबेनात. बाबांचे कान, ते पोरवय, तो पक्षी, सगळं लिहून टाकलं.

त्यांचं उत्तर आलं. मी कुणाला काही पाठवलेलं नाही, जिंकणाऱ्या बाईंनी पैसे भरलेत, डबी उद्या जाईल. आज अजून माझ्या टेबलावर आहे. फोन करा, ऐकवते.

दुधाने तोंड पोळलेलं, मी ताकही फुंकत होते. लिहिलं, डबी खरंच तुमच्यापुढे आहे हे पटायला शेजारी चमचा ठेवून फोटो पाठवा. सुईणबाईंनी पाठवला, पक्षी उघडा आणि शेजारी चमचा. खाली लिहिलं होतं, काटाही हवा का?

फोन लावला. बाबांनी काडी दातांत धरली आणि टोक फोनला टेकवलं. पलीकडे चावी फिरल्याचा आवाज, मग ते गाणं. मी बाबांकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"भाता दमलाय," ते म्हणाले. "कातडं फाटलं असणार. लांब सूर मध्येच बसतो."

मी ते सांगितलं. मग सुईणबाई हळूच म्हणाल्या की यजमान हयात होते तेव्हा तो सूर लांब जायचा, त्यांना वाटलं होतं, आपल्याच कानांचा दोष. असं बिघडलेलं विकायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी जिंकणाऱ्या बाईंना कळवलं, आणि ज्यांच्या सात पिढ्या मी काढल्या होत्या, त्या म्हणाल्या, आधी त्या घड्याळजींकडे पाठवा, मी थांबते.

असा तो पक्षी आमच्या टेबलावर आला. बाबांनी भात्याला नवं कातडं लावलं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. मी भिंग धरून बसले होते, आणि चक्क गप्प होते.

चावी मी दिली. झाकण उघडलं. बाबा वाकले, काडी दातांत, टोक डबीला, डोळे मिटलेले. पक्षी गायला, आणि लांब सूर शेवटपर्यंत लांब गेला. बाबा हलले नाहीत. मग त्यांनी काडी पुसून माझ्या हातात दिली आणि दोन्ही तळव्यांनी माझे कान घट्ट झाकले. मी काडी दातांत धरली. बाहेर काहीच नव्हतं. पक्षी माझ्या डोक्याच्या आत गात होता.

कानांवरचे हात काढून बाबा म्हणाले, "आता कान गेले तरी चालतील."

काडी मी त्यांना परत दिली आणि पुन्हा चावी भरली.