घरच्या बाईची सही

महिन्याच्या तीन तारखेला, सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता सॉफ्टवेअरवाला आला तेव्हा वहिनी सव्वीस कामगारांची हजेरी संगणकात भरत होत्या. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा तो कारखाना तसा लहानच. खाली कटिंगचे मशीन आणि खोकी चिकटवणाऱ्या बायकांची लांब टेबले, वर लोखंडी जिन्याने गेले की काचेची एक खोली. त्या खोलीला सगळे ऑफिस म्हणत. खाली मशीन सुरू झाले की वरची काच थरथरायची, आणि खळीचा आंबूस वास जिन्यावरून थेट नाकात यायचा.

"जुनं व्हर्जन या महिन्यात बंद," सॉफ्टवेअरवाला पिशवी टेबलावर ठेवत म्हणाला. "आजच नवं टाकून घेऊ. सात तारखेला कर भरायचा असेल ना तुम्हाला? मग उगाच शेवटच्या दिवशी धावपळ नको."

"नव्यात नवीन काय आहे?"

"नव्यात थापा चालत नाहीत," तो हसला. "कामगारांच्या पगारातून कापलेला कर भरला की पावती मिळते बघा. जुन्यात त्या पावतीचा नंबर कोणताही टाका, ते गप्प घ्यायचं. हे थेट कर खात्याला विचारून येतं. बरं, तुमचा कर्मचारी नंबर सांगा, तुमच्या नावाने उघडून देतो."

"मला नंबर नाही."

"पगारपत्रकात असेल की."

"पगारपत्रक मीच करते. माझं नाव नाही त्यात."

"म्हणजे तुम्ही मालक?"

"नाही. मालक माझे दीर."

त्याने डोके खाजवले. "मग तुम्हाला काय म्हणून टाकू?"

"घरची," वहिनी म्हणाल्या.

तसा पर्याय यादीत नव्हता. बराच वेळ वरखाली शोधून त्याने शेवटी एका शब्दावर बोट दाबले. ‘पाहुणा.’ आणि अकरा वर्षे त्या कारखान्याचा पैनपै हिशेब ठेवणाऱ्या बाईला त्या यंत्राने पाहुणी म्हणून आत घेतले.

अकरा वर्षांपूर्वी वहिनींचे यजमान याच लोखंडी जिन्यावर छातीत कळ येऊन गेले. कारखाना त्यांनीच उभा केला होता. महिनाही झाला नसेल, धाकटे दीर येऊन म्हणाले, "वहिनी, घरात बसून डोक्यात विचार येणार. जरा हिशेबाकडे बघा, मन रमेल." मन रमवायला दिलेल्या त्या कामात एकही महिना चुकला नाही. तापाने फणफणलेल्या असतानासुद्धा वहिनींनी पगार वेळेवर काढले. स्वतःच्या साबणापासून लेकीच्या चपलांपर्यंत मात्र प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना सासूबाईंसमोर उभे राहावे लागे. गेल्याच महिन्यात चष्म्याचा नंबर वाढला म्हणून पैसे मागितले, तर सासूबाईंनी आधी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "फळीवरचा खाऊचा डबा बरा दिसतो तुला चष्म्याशिवाय," त्या म्हणाल्या. एकदा, एकदाच, वहिनींनी पगाराचा विषय काढला होता. दीर हसले होते. "घरच्या बाईला कसला पगार? जेवताय, राहताय, पोरगी शिकतेय. उद्या आईपण पगार मागेल."

दुपारपर्यंत जुनी माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरली आणि पडद्यावर आठ ओळी लाल झाल्या. गेल्या आठ महिन्यांच्या. प्रत्येक ओळीत तेच: कर कापला आहे, भरल्याचे आढळत नाही.

वहिनींना आधी वाटले, यंत्राचीच गडबड. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. त्याने तिकडून तपासले आणि त्याचा आवाज उतरला. "वहिनी, हे पावत्यांचे नंबर कुठून आणलेत? असे नंबर नाहीतच."

नंबर कुठून आणले ते वहिनींना पक्के ठाऊक होते. आठ महिन्यांपूर्वी कर भरायचे काम दिरांनी स्वतःकडे घेतले होते; दर महिन्याला ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे, "भरलं, हा घ्या नंबर." वहिनी तो टाकायच्या. आठ चिठ्ठ्या फाईलला टाचलेल्या होत्या. अक्षर दिरांचे, पण टाकणारी बोटे त्यांची स्वतःची.

त्यातच जिन्यावर पावले वाजली. कटरमास्तर वर आला. कटिंगचे मशीन वीस वर्षे चालवणारा, एका बोटाचे पेर त्या मशीनला देऊन बसलेला माणूस. त्याने बँकेचे पत्र टेबलावर आपटले.

"घराचं कर्ज नाकारलं. म्हणतात, तुमच्या नावावर कर भरल्याची नोंदच नाही. वहिनी, दर महिन्याला तुम्ही कापता. जातात कुठे?"

"मी... मी बघते, मास्तर."

"काय बघता? मालकानं नाही कापले, तुमच्या हातानं कापलेत." तो वळला आणि दारातच थांबून म्हणाला, "आम्हाला वाटायचं, वर निदान एक माणूस आपला बसलाय."

दीर तीन वाजता आले. वहिनींनी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी त्यावर ओझरती नजर टाकली आणि खिशातून मोबाईल काढला.

"भाऊजी, सात तारखेच्या आत हे सगळं भरावं लागेल. दंडासकट."

"भरू की. मी काय पळून चाललोय?"

"नंबर खोटे होते."

"हळू बोला." आता त्यांनी मोबाईल खाली ठेवला. "नव्या गोडाऊनचे हप्ते कोण भरणार होतं? कर खातं? धंदा असाच चालतो. तुम्ही सांगितलेलं टाकायचं, डोकं चालवायचं नाही."

"पैसे कामगारांचे होते."

"आणि कारखाना माझा आहे," दीर म्हणाले. ते खाली गेले तेव्हा सगळा जिना दणदणला.

बुधवारी दुपारी घरी जेवणाची ताटे बाजूला झाली आणि दिरांनी एक कागद वहिनींसमोर सरकवला. घर कारखान्याच्या मागेच होते, अंगण ओलांडले की दार. टेबलाशी सासूबाई होत्या, धाकटी जाऊ उभी होती. वहिनींनी जुन्या चष्म्यातून कागद दूर धरून वाचला. ‘सदर महिला गेली तीन वर्षे वेतन व करभरणा विभागाच्या प्रमुख म्हणून दरमहा पगारावर कार्यरत असून, या विभागातील सर्व व्यवहारांस त्या स्वतः जबाबदार आहेत.’ नेमणुकीची तारीख तीन वर्षांपूर्वीची घातली होती.

"मला पगार होता?" वहिनींनी विचारले.

"कागदावर आहे ना," दीर म्हणाले. "नव्या सॉफ्टवेअरला जबाबदार व्यक्तीचं नाव लागतं. मी मालक, माझं नाव आलं तर बँक उद्या गोडाऊनला सील ठोकेल. बाईमाणसाला कुणी फार काही करत नाही. थोडा दंड, एखादी तारीख. मिटलं."

"पगारासाठी तोंड उघडलं होतंस ना?" सासूबाई म्हणाल्या. "आता मिळाला."

"सही करून टाका ना, ताई," जाऊ पुटपुटली. "एवढं काय. घरासाठीच आहे."

वहिनींनी कागद टेबलावर ठेवला. अकरा वर्षांत त्यांचे नाव या कारखान्याच्या एकाही कागदावर आले नव्हते. कामगारांच्या जेवणाच्या डब्यांच्या साध्या यादीवरही नाही. आज आले ते गळ्यात अडकवण्यासाठी.

"मी सही करणार नाही."

दिरांचा चेहरा बदलला आणि तोंडातले ‘तुम्ही’ही गेले. "तुझ्या पोरीच्या हॉस्टेलची फी कोण भरतं? पुढच्या महिन्यात पुन्हा भरायची आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"माझ्या थोरल्यानं रक्त आटवून हे उभं केलंय," सासूबाईंचा आवाज चढला. "त्याच्या नावाला बट्टा लावतेस?"

"सासूबाई, ते गेले त्या महिन्याचासुद्धा कर वेळेवर भरला होता. मीच भरला होता. बट्टा मी लावलेला नाही."

"सही नसेल तर या घरात राहायचं नाही," दीर म्हणाले.

"किती वाजेपर्यंत निघायचं?" वहिनींनी विचारले.

वहिनी उठल्या, अंगण ओलांडून कारखान्यात गेल्या. जिना चढून त्या वर आल्या. पोरीचे कसे होणार, आपण कुठे जाणार, याचे एकही उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी संगणक सुरू केला आणि सव्वीस कागद छापले. प्रत्येक कामगाराचा एक: आठ महिन्यांत किती कापले, किती भरले. दुसऱ्या रकान्यात सगळीकडे शून्य. मग त्या खाली आल्या आणि मशीनच्या आवाजातच एकेकाच्या हातात कागद देत गेल्या.

"हे तुमचे पैसे. कापले मी. पावत्यांचे नंबरही मीच टाकले, ते खोटे निघाले. हा कागद घेऊन कर खात्यात जा. मीही येणार आहे."

चिकटवणाऱ्या बायकांतली सगळ्यात वयस्क बाई कागद उलटसुलट करून म्हणाली, "कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

"मग आज बुधवार आहे."

"भीती वाटली," वहिनी म्हणाल्या. त्याहून बरे उत्तर त्यांना देता आले नाही, आणि बाईनेही मान हलवली नाही.

तेवढ्यात दीर धावत आत शिरले आणि त्यांनी भिंतीवरचा मुख्य खटकाच खाली ओढला. मशीन थांबले, पंखे थांबले. ते ओरडत होते ते मशीनच्या आवाजावर मात करायला, पण आता आवाजच उरला नव्हता, त्यामुळे शब्दन्‌शब्द सव्वीस जणांनी ऐकला.

"अकरा वर्षं फुकट खाल्लंस माझ्या घरात! फुकट!"

कटरमास्तरने हातातला कागद वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि आपल्या डब्याची पिशवी उचलली. तो दाराकडे निघाला. त्याच्यामागून वयस्क बाई, तिच्यामागून बाकीचे. वहिनींचे कुणी आभार मानले नाहीत, कुणी त्यांच्याकडे बघितलेही नाही. पण सगळे गेले ते कर खात्याच्याच दिशेने.

पुढचे झाले ते काही गोड नाही. चौकशी झाली. दिरांना दंड बसला, गोडाऊन विकावे लागले. कामगारांच्या नावावर कर जमा व्हायला पाच महिने लागले, आणि तोवर कटरमास्तरला हवे होते ते घर दुसऱ्याने घेतले. खोटे नंबर टाकल्याबद्दल वहिनींचाही जबाब दोनदा झाला. चिठ्ठ्या होत्या म्हणून निभावले. साऱ्या नात्यात बभ्रा झाला की थोरलीने घर बुडवले. लेकीने हॉस्टेल सोडले. मायलेकी एका खोलीत राहू लागल्या, लेक सकाळी कॉलेज आणि दुपारी एका दवाखान्यात नावे नोंदवायचे काम करी. वहिनींना नळ-पाइपच्या दुकानात हिशेबाचे काम मिळाले. दुकानदार म्हणाला, "बसा की, पगाराचं नंतर बघू." वहिनी उभ्याच राहिल्या. नेमणुकीचे पत्र हातात पडल्यावर मगच त्या खुर्चीवर टेकल्या.

सहाव्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दार वाजले. बाहेर जाऊ उभी होती. तिने आत येण्याआधीच पिशवीतून कागद काढला.

"तुमच्या जागी आता मला बसवलंय, ताई. परवा यावर सही मागितली."

वहिनींनी कागद वाचला. मजकूर तोच होता, नुसते नाव बदलले होते.

"पगार?"

"म्हणाले, घरच्या बाईला कसला पगार."

वहिनींच्या डोक्यात तिडीक उठली. "मला म्हणाली होतीस, एवढं काय, सही करून टाका."

"म्हणाले होते." जावेने नजर खाली वळवली नाही. "मला वाटलं, तुम्ही आहात म्हणजे माझ्यावर येणार नाही."

ते खरे होते, म्हणूनच जास्त झोंबले. दार लावून घ्यावे असे वहिनींना क्षणभर वाटले. मग त्यांनी खोलीतली एकुलती एक खुर्ची पुढे ओढली, स्वतः पलंगावर बसल्या आणि लेकीच्या वहीचे कोरे पान फाडले.

"लिही. मी सांगणार नाही, तूच लिही. तू काय काम करतेस, किती तास करतेस, त्याचे किती पैसे हवेत. आणि या कागदावर सही का करणार नाहीस."

जावेने पहिली ओळ तीनदा खोडली. दुपारी बारापर्यंत पत्र झाले. त्या दिवसापासून वहिनींची रविवारची सकाळ ठरून गेली. औषधाच्या दुकानातली सून आली, छापखानेवाल्याची बहीण आली, पिठाच्या गिरणीवरची मालकाची आई आली. सगळ्या हिशेब चोख ठेवणाऱ्या आणि एकीलाही पगार नाही. काहींनी पत्र घरी नेऊन फाडले, वहिनींना तेही कळले. त्यांनी रविवार मोडला नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या ओळखीचे एखादे असे दुकान असेल. पुढच्या वेळी तिथे गेलात की गल्ल्यामागे बसलेल्या घरच्या बाईला विचारा, तुमचा पगार किती? आणि उत्तर देण्याआधी ती कुणाकडे बघते, तेवढे बघून या.