चासीवरचा शेवटचा आकडा

दातांच्या डॉक्टरने निवृत्त होऊ नये. हात शिवशिवत राहतात आणि समोर आ करून बसायला कोणी तयार होत नाही. म्हणून मी जुनी जीप घेतली, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळं आहे आणि ते माझ्या दादाला पक्कं माहीत आहे.

आमचे बाबा जमीन मोजणीच्या कामाला होते. रस्ता संपला की त्यांची नोकरी सुरू व्हायची, आणि तिथून पुढे त्यांना न्यायची ती त्यांची जीप. चारही चाकांत जोर, दार एकही नाही. मी पाढे शिकले ते तिच्या मागच्या बाकावर, धक्के खात. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना बाबांनी अंथरूण धरलं आणि दादाने जीप विकून टाकली. मला न विचारता, बाबांनाही न विचारता. बाबा रोज सकाळी म्हणायचे, "जीप कुठाय रे?" दादा सांगायचा, "गॅरेजला दिलीय, बाबा. येईल आज-उद्या." आठ महिने ती गॅरेजलाच होती. मग बाबाच गेले.

दादा वाहन नोंदणीच्या ऑफिसात इन्स्पेक्टर होता. एक सही कमी होती म्हणून स्वतःच्या सासऱ्यांची स्कूटर परत पाठवणारा माणूस. आयुष्यात तो खोटं बोलला असेल तर तेवढंच, आणि तेही मी त्याला पचू दिलं नाही. चौतीस वर्षं, त्याने कुठलीही नवी गाडी घेतली की मी सगळ्यांसमोर विचारते, "ही कधी विकणार?" तो मूग गिळून बसतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

तर ही जीप मला एका रोपवाटिकेत सापडली. मालकाने तिच्या बॉनेटवर कुंड्या मांडल्या होत्या. गाडी मधे परराज्यात फिरून आल्याने पाटीवरचा नंबर बदललेला होता. बाबांच्या वहीत विम्याची एक जुनी पावती होती, तिच्यावर चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, नंबर होता. मालकाच्या कागदांवरचा नंबर सुरुवातीपासून तसाच जुळत गेला आणि ऐन शेवटी कागदच संपला. शेवटचा आकडा उंदरांनी खाल्ला होता. अख्ख्या कपाटात त्यांना नेमका तोच कोपरा गोड लागावा! मी तिथल्या तिथे गाडी घेतली आणि दादाला फोटो पाठवला. "बाबांची जीप," असं खाली लिहिलं. दादाचं उत्तर आलं, "चासीवरचा नंबर बघ. बाकी सगळं बदलता येतं." अभिनंदन वगैरे त्याच्या नियमात बसत नाही.

गाडी नेली मास्तरांकडे. हे मास्तर कुठल्या शाळेत नव्हते, पण गिऱ्हाइकाला समोर उभं करून धडा दिल्याशिवाय पाना हातात घेत नाहीत. त्यांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं, हुंगूनही पाहिलं.

"डॉक्टरबाई, ही एक गाडीच नाही. पुढची जाळी एका सालची, बॉनेट दुसऱ्या सालचं, आणि मागचं फळकूट तर ट्रेलरचं आहे."

"मग मी घेतली कोणती?"

"चासी. चासी म्हणजे गाडी. बाकीचे सगळे भाडेकरू."

तीन महिने आम्ही भाडेकरूंची सोय लावत होतो. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. पुढच्या चाकांना जोर देणारी छोटी दांडी जागची हलत नव्हती. गिअरबॉक्स उघडला तेव्हा मी माझा तोंडात घालायचा आरसा आत सरकवून कुठले दाते झिजलेत ते मास्तरांना दाखवलं. त्या दिवसापासून त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. दांडी पडली, चारही चाकं फिरली, आणि मी भर गॅरेजात लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

राहिला नंबर. तो उजव्या चाकाच्या आत, चासीवर ठोकलेला असतो. त्याच्यावर रंगाचे चार थर आणि गंजाची पुटंच्या पुटं. मास्तर म्हणाले, "रॉकेल लावा आणि ब्रशने हळूहळू घासा. घाई नको. मी ब्रेकचं सामान घेऊन येतो."

ते तासाभराने आले तेव्हा मी घरून आणलेलं माझं जुनं ड्रिल पुसून पेटीत ठेवत होते. चासीवर वीतभर जागा आरशासारखी लखलखत होती.

"झकास!" मास्तर म्हणाले. मग खाली वाकले. "डॉक्टरबाई... नंबर कुठाय?"

"कीड होती हो सगळी. आमच्याकडे कीड दिसली की चांगला भाग लागेपर्यंत कोरायची. तेहतीस वर्षांची सवय. हात थांबलाच नाही."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांना हसू फुटलं, ते आवरेना. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं की दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जीपची अक्कलदाढ काढली. मीही सगळ्यांबरोबर हसले.

दादाला फोन केला. त्याने काय झालं ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "रविवारी येतो."

आला तो मऊ शिशाची पेन्सिल आणि पातळ कागदाची पट्टी घेऊन. नोकरीत त्याने हेच केलं होतं: नंबरावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात.

"उमटणार काय, डोंबल? मी घासून सपाट केलंय," मी म्हटलं.

"ठमे, नंबर ठोकताना लोखंड आतपर्यंत दबतं. वरचं गेलं तरी खाली थोडं राहतं कधीकधी."

चौसष्ट वर्षांचा माझा भाऊ चाकाशेजारी पोत्यावर आडवा झाला, त्याने पट्टी चिकटवली आणि पेन्सिल फिरवायला लागला. मी त्याच्या डोक्याशी उकिडवी बसले. पट्टी करडी होत गेली. नुसती करडी. मी श्वास सोडणार, तेवढ्यात अगदी शेवटी एक फिकट खूण दिसली. वर एक पोट, खाली एक पोट. आठ.

बाबांच्या जीपच्या नंबरात शेवटी एक होता.

आता सांगूनच टाकते. तो आठ मला त्या दिवशीच भेटला होता. रॉकेल लावून, ब्रशने हळूहळू घासून, मास्तरांनी सांगितलं होतं अगदी तसं. स्वच्छ, ठसठशीत आठ. मी त्याच्याकडे पाच मिनिटं पाहत बसले आणि मग ड्रिल आणायला घरी गेले. केसाएवढ्या अंतरावर थांबणारा हात आहे माझा. थांबलाच नाही म्हणे! मी त्याला थांबू दिलं नाही. मला बाबांची जीप हवी होती, दुसऱ्या कुणाची नको होती.

दादाने पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला आठ दिसला होता, आणि मला तो नवा नाही हेही त्याला दिसलं. इतकी वर्षं खोट्या कागदांमागचे चेहरे वाचलेला माणूस तो. आता हा मला परत पाठवणार, असं वाटून माझे डोळे भरून आले.

"काय निघालं, साहेब?" मास्तरांनी विचारलं.

दादाने पट्टीची चार घड्या घालून ती खिशात टाकली. "काही उमटलं नाही. ऑफिसात अर्ज करू, नवा नंबर ठोकून देतील. पण जीप बाबांचीच आहे."

"ते कशावरून?" मास्तर म्हणाले.

"मी चालवलीय ती. मला कळत नाही होय?"

तो गुडघ्यावर हात ठेवून कण्हत उठला, पँट झटकली आणि बॉनेटवर थाप मारली. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "आली एकदाची गॅरेजमधून."

चौतीस वर्षं मी या माणसाला टोमणे मारत आले होते. त्या दिवशी मला एवढंच सुचलं, "वेळ लागला जरा."