तीनशे दहाचं पाणी

गल्लीत तिला सगळे मीटरताई म्हणत. पाण्याचे फिल्टर बसवायचे आणि दुरुस्त करायचे हा तिचा धंदा, आणि शर्टाच्या खिशात पेनासारखं एक मीटर कायम खोचलेलं. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरली की आधी ते ग्लासात बुडवायची आणि मग "कशा आहात?" विचारायची. पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा उमटला की गिऱ्हाइकाचा चेहरा मोठ्या आकड्याला पडायचा, छोट्याला खुलायचा. तिला दोन्हीत सारखीच मजा वाटे. तिच्या स्वतःच्या घरचा आकडा अठरा. त्या अठराचं तिला कोण कौतुक! लोक पोरांचे मार्क सांगतात तसा ती तो सांगत सुटायची.

आणि नेमकी तिची सख्खी आई ते पाणी पीत नव्हती.

आई टेकडीवरच्या आपल्या घरात एकटी राहायची. उन्हाच्या दिवसांत चक्कर येऊन पडली ती दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला दिसली. मीटरताई तिला तडक आपल्याकडे घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "यांच्या अंगात पाणीच नाही. बाकी काही नको, पाणी प्यायला लावा." पण आई एक घोट घ्यायची आणि ग्लास असा दूर सारायची, जणू त्यात माशी पडलीय.

"याला चव नाही गं. नुसतं ओलं आहे."

"आई, पाण्याला कुठे चव असते?"

"तुझ्या पाण्याला नसेल. आमच्या विहिरीच्या पाण्याला होती. तिथे मी तांब्यानं प्यायचे." आणि मग तिनं जाहीरच करून टाकलं, "रविवारी मी घरी जाते."

मीटरताईला पुन्हा तो दूधवाला आठवला. तिथे आई पुन्हा पडली तर? पण आईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वाद घालण्यात अर्थ नव्हता. पाण्यावरूनच अडलंय ना, मग पाणीच आणू, असं म्हणून दुसऱ्या दिवशी ती स्कूटरला कॅन बांधून टेकडीवर गेली आणि विहिरीचं पाणी भरून आणलं. घरी आल्याबरोबर मीटर बुडवलं. तीनशे दहा.

इथे तिच्यातल्या कारागिराला खाज सुटली. रोज टेकडी कोण चढणार? तीनशे दहाच हवेत ना, मग घरीच करू की! तिनं अठराच्या पाण्यात चिमूट चिमूट मीठ टाकलं, ढवळलं, मोजलं. आकडा बरोब्बर तीनशे दहावर आणला आणि ग्लास आईपुढे धरला.

"घे, तुझ्या विहिरीचं."

आईनं घोट घेतला आणि तसाच मोरीत थुंकला. "अगं, वरणात घालायचं मीठ माझ्यावर का उधळतेस?"

"पण आकडा तोच आहे! हे बघ."

"तो आकडा तूच पी."

मीटरताईला हसू फुटलं, आणि लाजही वाटली. हे यंत्र किती ते सांगतं, काय ते सांगत नाही, हे ती स्वतःच गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मग तिनं कॅनमधलं खरं पाणी ओतलं.

आईनं चाखलं. चेहरा निवळला. "हां. हे आपलं." आणखी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"मग पी ना!"

"प्याले की."

"दोन घोट?" आता मात्र मीटरताईचा आवाज चढला. "आई, तुला हवं ते पाणी आणलं, तरी तेच?"

आईनं ग्लास बाजूला सरकवला. "शेजारची शिवणवाली दुपारी मशीन बंद करून यायची. आम्ही दोघी गप्पा मारत बसायचो. बोलून बोलून घसा सुकायचा आणि तांब्या कधी रिकामा व्हायचा, पत्ता लागत नसे. ती लेकाकडे गेली कायमची. ती गेली आणि माझी तहानच गेली बघ."

"मग आता तिथे जाऊन कुणाबरोबर पिणार आहेस?"

"तिथे निदान कामावरून फोन करून कुणी विचारत नाही, आई किती प्यालीस. विचारतेस आणि फोन ठेवतेस. रोज."

मीटरताईला ते फार लागलं. लागायलाच हवं होतं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फोन केला नाही. कामं पुढे ढकलून ती जेवायला घरीच आली आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढून आईसमोर बसली. तिनं एका जाड्या गिऱ्हाइकाचं सांगितलं, जो फिल्टरचं पाणी फक्त आपल्या मांजरीला पाजतो आणि स्वतः नळाचं पितो. आई खदाखदा हसली. मग शिवणवालीचे किस्से निघाले, त्यातून मावशीचे, मावशीतून वडिलांचे. बोलता बोलता आईनं हात लांबवला, फिल्टरची तोटी सोडली, ग्लास भरला, घटाघटा प्याली आणि पुन्हा भरला. मीटरताईनं ते पाहिलं, पण "किती प्यालीस" न विचारता पुढचा किस्सा काढला.

उठताना मात्र तिला राहवलं नाही. "आई, रविवारी कधी निघायचंय?"

"रविवारी तुला सुट्टी ना?" आई म्हणाली. "मग सुट्टीच्या दिवशी कशाला जाऊ?"