राख पुसलेला रुमाल

मी रुमाल बोलतोय. सुती, चौकोनी आणि एके काळी पांढराशुभ्र. सध्या माझा मुक्काम गिरगावातल्या एका चर्चच्या मागच्या दाराशी आहे, वेताच्या टोपलीत, वाळलेल्या झावळ्यांच्या ढिगावर. उद्या सकाळी आम्हा सगळ्यांना जाळणार आहेत. कीव करू नका माझी, मी खुशीनं चाललोय. फक्त राख झाल्यावर बोलता यायचं नाही, म्हणून आजच सांगून मोकळा होतो.

इथली रीत अशी आहे. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या झावळ्या मिळतात. लोक त्या घरी नेऊन भिंतीवरच्या क्रूसामागे खोचतात आणि वर्षभर त्या तिथंच वाळतात. पुढच्या वर्षी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होण्याआधी त्या परत आणून या टोपलीत टाकायच्या. मग त्या जाळतात, आणि उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादर त्याच राखेनं प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात. आपण मातीचे आहोत आणि मातीतच जाणार आहोत, एवढं माणसानं वर्षातून एकदा तरी आठवावं म्हणून. टोपलीत झावळ्यांचीच वर्णी लागते. माझ्यासारखा रुमाल इथं कसा आला, तीच माझी कहाणी.

मी जन्मलो खोताच्या वाडीत, हिल्डा मिस्किटा या बाईंच्या शिलाई मशीनवर. हिल्डाबाई चर्चसाठी शिवणकाम करायच्या. वेदीवर अंथरायचं कापड बेतून झालं आणि कोपऱ्याचा एक तुकडा उरला, तो मी. माझी भावंडं वेदीवर गेली, मेणबत्त्यांच्या उजेडात बसली. मी गेलो पोराच्या खिशात. याचं मला सुरुवातीला जरा वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पोर म्हणजे हिल्डाबाईंचा मुलगा, एल्रॉय. त्याच्या दृढीकरणाच्या दिवसासाठी त्याच्या ममानं मला शिवलं होतं. त्या दिवशी बिशप कपाळावर पवित्र तेलाचा क्रूस काढतात. ममानं माझ्या कोपऱ्यात पांढऱ्याच दोऱ्यानं बारीकसा क्रूस भरला.

"ममा, पांढऱ्यावर पांढरा? दिसणार कसा?" एल्रॉय म्हणाला.

"दिसायला कशाला हवा? खिशात हात घातलास की बोटाला लागला, झालं." आणि मला त्याच्या हातात देताना तिनं बजावलं, "तेल डोळ्यात ओघळलं तरच पूस हां. नाहीतर पुसायचं नसतं. जिरू द्यायचं."

तेल ओघळलं नाही. एल्रॉय मला मुठीत घट्ट धरून उभा राहिला आणि त्याचं कपाळ चमकत राहिलं. म्हणजे माझं आयुष्यातलं पहिलं काम होतं न पुसण्याचं. ते मी चोख केलं. तेवढं एकच चोख केलं म्हणा ना.

पोरगा चांगला होता हो. रविवारी गाण्याच्या मंडळात गायचा, वाडीतल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून जिना उतरवायचा, जेवणाआधी न सांगता क्रूसाची खूण करायचा. पुढं परळला एका उंच, काचेच्या इमारतीत त्याला नोकरी लागली आणि मीही रोज इस्त्री होऊन ऑफिसला जाऊ लागलो.

पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलाशेजारचा हितेंद्र म्हणाला, "मिस्किटा? गोव्याचा काय रे तू? मराठी एकदम झकास बोलतोस!"

आता एल्रॉयचे पणजोबा गिरगावात जन्मलेले. एल्रॉयनं समजावून सांगितलं की आम्ही ईस्ट इंडियन, इथलेच, मुंबईचेच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं विचारलं, तेव्हा पुन्हा सांगितलं. मग नाताळचा केक कधी, घरी रोज वाईन पिता का, हे सुरू झालं. कुणी वाईट मनानं विचारत नव्हतं, पण एल्रॉय कंटाळला. त्यानं नाव आखूड करून 'रॉय' केलं. जेवणाआधी त्याचा हात सवयीनं कपाळाकडं जायचा आणि तिथं पोचल्यावर उगाच भुवई खाजवून परत यायचा. माझी घडी घालताना भरलेला कोपरा आत जाऊ लागला. मला वाटलं, असेल, मोठा होतोय.

खरी गंमत पुढंच आहे. त्या ऑफिसात उपासांची नुसती रेलचेल! हितेंद्रची संकष्टी असली की अख्ख्या मजल्याला माहीत. दर्शना मॅडम मार्गशीर्षातले गुरुवार धरायच्या आणि टेबलावर फळं कापून सगळ्यांना वाटायच्या. सम्यकच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती, आणि घरून फोन आला की तो मोठ्यानं "जय भीम, आई" म्हणायचा. कुणालाच कसलीही लाज नव्हती. लाज एकट्या आमच्या एल्रॉयला. आणि ती त्याला कुणी दिली नव्हती, त्यानं स्वतःच पाळली होती.

मग गेल्या वर्षीचा राखेचा बुधवार आला. सकाळी मायलेक बरोबर चर्चला गेले. प्रवचनात फादर म्हणाले, उपासाचं प्रदर्शन मांडू नका, चेहरा पाडून फिरू नका, तोंड धुऊन हसतमुखानं कामाला लागा. मग सगळे रांगेत उभे राहिले. एल्रॉयच्या कपाळावर राखेचा क्रूस उमटला, ममाच्याही. ममा घरी गेली, हा तिथूनच ऑफिसला निघाला.

ऑफिसच्या इमारतीपाशी काचेत त्याला आपला चेहरा दिसला. तो थबकला. फादरांचंच वाक्य त्याला आठवलं. 'प्रदर्शन मांडू नका म्हणालेत ना? मग पुसलेलंच बरं. पुसणं म्हणजे नम्रपणाच की!' असं काहीसं तो पुटपुटला आणि त्यानं मला बाहेर काढलं.

मी कपाळाला टेकलो आणि मला कळलं की हा नम्रपणा नाही. नम्र माणूस पुसताना मागं कोण येतंय का ते बघत नाही. त्याचा हात घाईत होता. राख माझ्या अंगावर आली. कापडाला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो, की अरे, आईनं काय सांगितलं होतं!

त्या दिवशी हितेंद्रची बढतीची पार्टी होती. त्यानं चिकन बिर्याणी मागवली. राखेच्या बुधवारी मांस वर्ज्य, जेवणही एकदाच, हे एल्रॉयला लहानपणापासून पाठ. 'आज माझा उपास आहे' एवढं म्हटलं असतं तर हितेंद्रनंच धावाधाव करून त्याच्यासाठी काहीतरी वेगळं मागवलं असतं, इतका तो उपासांचा भोक्ता. पण उपास म्हटलं की कसला, विचारणार. कसला ते सांगायचं तर कपाळ पुसलेलं. एल्रॉय म्हणाला, "चालेल ना, मस्त!" आणि पिशव्या आणायला त्याच्याबरोबर खाली गेला.

पिशव्या घेऊन दोघं वळतात तो दारापाशी, सिक्युरिटीच्या टेबलाजवळ, ममा उभी होती. बसनं आली होती, उन्हातून चालत. हातात डबा. घामानं तिचे केस कानशिलांना चिकटले होते, पण कपाळावरचा क्रूस तसाच होता, काळा आणि ठळक.

"डबा विसरलास रे घरी," ती म्हणाली. "म्हटलं, एकदाच जेवायचं आज, ते तरी नीट जेवशील. वालाची भाजी आहे आणि तांदळाची..." तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या कोऱ्या कपाळाकडं गेलं. मग हातातल्या पिशव्यांकडं. बिर्याणीचा वास काही लपत नाही.

"काकू! तुम्ही रॉयच्या मम्मी?" हितेंद्र खूश झाला. "चला ना वर! माझी पार्टी आहे, बिर्याणी खाऊनच जायचं."

"नको बाळा. आज माझा उपास आहे."

ती 'आमचा' म्हणाली नाही. 'माझा' म्हणाली. पोराला तिनं उघडं पाडलं नाही. हे आठवलं की अजून माझ्या सुताला पीळ पडतो.

"बुधवारचा? कसला हो काकू?" हितेंद्रनं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

ममानं एल्रॉयकडं पाहिलं. सांगू दे त्याला, म्हणून थांबली. तो पिशव्यांच्या गाठी चाचपत राहिला, तेव्हा तिनंच सांगायला तोंड उघडलं. हात कपाळाकडं जाऊ लागला.

"ममा, किती घाम आलाय तुला!" एल्रॉय एकदम म्हणाला आणि त्यानं मला खिशातून काढून तिच्या कपाळावर ठेवलं.

आणि तिनं डोळे मिटले. तिला खरंच वाटलं, पोरगा घाम पुसतोय. मान थोडी पुढं करून, लहान मुलासारखं कपाळ देऊन ती उभी राहिली. ओठांवर हसू आलं होतं तिच्या. तिनं शिवलेला मी, तिच्याच कपाळावरचा क्रूस तिच्या पोराच्या हातानं पुसत होतो. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं मला.

मग तिनं डोळे उघडले आणि मला पाहिलं. काळा झालेला. एक डाग सकाळचा, एक आत्ताचा.

 तिनं डबा त्याच्या हातात दिला, त्याची कॉलर उगाचच नीट केली, हितेंद्रला "अभिनंदन हां बाळा" म्हणाली आणि उन्हात चालू लागली.

वर एल्रॉयनं बिर्याणीचे दोन घास खाल्ले.  थोड्या वेळानं सम्यक खुर्ची सरकवून जवळ आला.

"रॉय, आज तुमचा तो राखेचा दिवस ना रे? आमच्या चाळीच्या मागं फर्नांडिस राहतात, सकाळी सगळे कपाळाला लावून चालले होते. मी लिफ्टमधून बाहेर येत होतो, तेव्हा काकूंना बघितलं. मला वाटलं, तू ते पुसलंस."

एल्रॉय चमच्यानं बिर्याणी चाळवत राहिला.

"मग म्हटलं, छे, घामच असेल."

"घामच होता," एल्रॉय म्हणाला.

सम्यकनं मान हलवली आणि तो आपल्या टेबलाशी गेला. एल्रॉय बाथरूममध्ये जाऊन मला मुठीत धरून उभा राहिला, अगदी दृढीकरणाच्या दिवशी धरलं होतं तसं. नळ समोर होता, पण त्यानं मला धुतलं नाही. राख पुन्हा कपाळाला लागते का, म्हणून त्यानं मला एकदा भुवयांच्या मधे दाबून पाहिलं. तशी ती लागत नाही. पुसायला क्षणभर पुरतो, परत लावायला अख्खं वर्ष थांबावं लागतं.

घरी ममानं रोजच्यासारखी हाक मारली, "रुमाल टाक रे धुवायला."

"हरवला," तो म्हणाला.

ती बरं म्हणाली. दुसरा रुमाल शिवून द्यावा, असं काही ती म्हणाली नाही. मला त्यानं कपाटात, दृढीकरणाच्या फोटोमागं ठेवलं. अधूनमधून तो मला काढून बघायचा आणि परत ठेवायचा. मायलेकांचं बोलणं चालू होतं, जेवणखाण, भाजी, लाइटबिल. पण रात्रीच्या प्रार्थनेला तो तिच्या शेजारी गुडघे टेकायचा, तेव्हा डोळे मिटण्याआधी भिंतीकडं बघायचा, तिच्याकडं नाही.

या आठवड्यात ममा स्टुलावर चढून क्रूसामागची वाळकी झावळी काढत होती. टोपलीत टाकायला. एल्रॉय आला आणि त्यानं मला तिच्यापुढं धरलं.

"हरवला नव्हता," तो म्हणाला.  कान लाल झाले होते त्याचे.

ममा स्टुलावरून उतरली. तिनं मला उलगडलं आणि बोट ठेवलं. "हा तुझा. हा माझा."

"तुला माहीत होतं?"

"शिवलाय मी तो. आणि कपाळही माझंच होतं की रे." तिनं दोन्ही डागांवरून बोट फिरवलं. "तू राख पुसलीस त्याचं एवढं नाही वाटलं मला. पण मी डोळे मिटले ना, त्याची मला फार लाज वाटली. सिक्युरिटीवाल्यासमोर, सगळ्यांसमोर हसले मी. मला वाटलं..."

"ममा, नको ना."

तो रडला. तिनं डोळे पुसायला मला उचललं आणि डाग बघून परत खाली ठेवलं. मग पदरानंच पुसले. मला आणखीच ओशाळायला झालं.

"याला धुऊ का?" तिनं विचारलं.

"नको. झावळ्यांबरोबर दे."

चर्चची देखभाल करणारे सॅक्रिस्टन काका आधी कुरकुरले, कापडाची राख कोण घालतं म्हणून. पण ममानं डाग दाखवले, एल्रॉयनं मान खाली घातली, आणि काकांनी टोपली पुढं केली. दाराबाहेर पडता पडता एल्रॉय म्हणाला, "ममा, बुधवारी डबा विसरणार आहे मी."

"म्हणजे?"

"मुद्दाम विसरणार. तू घेऊन ये. मी खाली येईन, हितेंद्रला आणि सम्यकला घेऊन. तू काही सांगायचं नाहीस. मी सांगेन."

ममा लगेच हो म्हणाली नाही. बसला गर्दी असते, ऊन असतं, बघू म्हणाली. तिचा विश्वास एकदा पुसला गेलाय, तोही काही लगेच परत लागायचा नाही. पण आज दुपारी हिल्डाबाईंच्या शेजारच्या बकुळाबाई झावळी टाकायला आल्या होत्या, त्या कुणाला तरी सांगत होत्या, की हिल्डा बाजारात वाल शोधत फिरतेय.

एल्रॉय, तुला एवढंच सांगायचंय. कपाळावरच्या राखेनं कुणी मोठा होत नाही, हे फादर म्हणाले ते खरंच आहे. पण ज्याला तू रोज रात्री गुडघे टेकून हाक मारतोस, त्याला दिवसा ओळख दाखवायला लाजू नकोस. आणि आईच्या कपाळाला तर कधीच नाही. उद्या मी राख होईन. बुधवारी फादरांच्या बोटाला लागून, तुझ्या ममानं उन्हात नेलेला तोच क्रूस होऊन, तुझ्या कपाळावर येईन. काचेत चेहरा दिसला की तुझा हात सवयीनं खिशाकडं जाईल.

खिशात मी नसेन, पोरा. मी वर असेन.