चिडलेल्या सिस्टरचा फोन

प्रियदर्शनीचा अर्ज आमच्या कंपनीत आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रियदर्शनी म्हणजे माझी धाकटी जाऊ, कोरेगावची. लग्नाला वर्ष झालं नाही तोवर घरातलं सगळं कौतुक हिनं पळवलंय. आधी सासूबाई सांगलीभर सांगत सुटायच्या, "आमची थोरली दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बघती!" आता काय, तर "धाकटीचं इंग्लिश ऐका!" दुधावरची साय माझ्या वाटीत पडायची, ती आता तिच्या वाटीत पडते. राहता राहिली होती एक माझी नोकरी. तीपण हवी का बाईला?

तिची सर्टिफिकेटं माहेरच्या नावाची. त्यामुळं आम्ही जावाजावा आहोत हे ऑफिसात कुणाला कळलं नाही. तिनं सांगितलं नाही, मग मी कशाला सांगतेय!

आमच्याकडं मुलाखतीची एक रीत आहे. गावोगावच्या दवाखान्यांत आमचं सॉफ्टवेअर चालतं, आणि जरा कुठं अडलं की तिथल्या सिस्टर फोनवरून आमचा उद्धार करतात. म्हणून उमेदवाराला शेवटी एक खोटा फोन लावायचा. आमच्यातलंच कुणीतरी चिडलेली सिस्टर होतं. फोन संपला की कुणाल सर त्या सिस्टरला एवढंच विचारतात, "राग गेला का?" गेला म्हटलं तर नोकरी, नाही म्हटलं तर नमस्कार.

"अंकिता, आज सिस्टर तू हो," सर म्हणाले. "तुझं माहेरचं म्हसवडी बोलणं अगदी खरं वाटतं."

आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन!

ती पलीकडच्या खोलीत, मी सरांसमोर. फोन स्पीकरवर.

"आवं, म्हसवडास्नं धोंडुबाई सिस्टर बोलतीय! सकाळी बाळंतीण दाखल केली, तुमच्या कम्प्युटरात तिचं नावच न्हाई! बाई काय उडून गेली व्हय?"

"सिस्टर, मी प्रियदर्शनी. लगेच बघते हां."

"काय बघतीस? मी इतकी वर्सं ह्यो वॉर्ड वढला, कुणी बरं केलंस म्हटलं न्हाई. तुमचं सॉफ्टवेअर काल आलं, नि जो तो त्याचंच गुण गातोय! लय गोड बोलतंय न्हवं! साय बी त्याच्याच वाटीत!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सरांनी मान वर केली. सॉफ्टवेअरला कुठली आली वाटी? पलीकडं कीबोर्डची टकटक थांबली. ओळखलं तिनं मला.

मग ती हळूच म्हणाली, "सिस्टर, काल आलेल्याला इथलं काय माहीत असणार? तुम्ही त्याच्याशी बोलतच नाही. मग ते बिचारं गोड गोड बोलून दिवस काढतं. साय तुम्हीच घ्या. त्याला कुणीतरी 'ये, बस' म्हणावं, एवढंच हवंय." जरा थांबली. "आता पुरुष वॉर्डाची यादी उघडून बघा बरं. बाळंतीण तिकडं गेलीय का?"

तिकडंच होती. मीच मुद्दाम तिचं नाव त्या यादीत टाकलं होतं.

सरांना हसू आवरेना. "वा! राग गेला का गं?"

'नाही' जिभेवर तयार होतं. आणि खोटंही नव्हतं. राग कुठला जातोय? उलट ही एवढी शहाणी निघाली म्हणून मी आणखीच जळत होते. एक शब्द टाकला की ही कोरेगावची बाई परत ओट्याशी. सर वाट बघत होते. मी तिचा अर्ज टेबलावर सरळ करून ठेवला.

"धोंडुबाईंचा गेला," मी म्हटलं.

संध्याकाळी बघते तर ही माझ्या स्कूटीजवळ उभी. हातात नोकरीचं पत्र, पण तोंडावर हसू नाही.

"ताई," ती म्हणाली, "आणि तुमचा?"

"न्हाई गेला. आजची साय मी खाणार." मी किल्ली फिरवली. ती तशीच उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.

"आता बघत काय उभी राहिलीस?" मी ओरडले. "ये, बस."