निकाहनंतर बघू

त्या रविवारी अब्बांनी दापोडीच्या गॅरेजात एका रिक्षाचा क्लच बसवला, दुपारी जेवायला घरी आले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, "ताहेरा, सालनात मीठ विसरलीस की माझ्यावर रागावलीस?"

"तुमची जीभच गेलीय," अम्मी म्हणाली.

मी हसले. अब्बांचे पाय सुजले होते. दिवसभर उभं राहून होतं, असं ते म्हणत. सोमवारी सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली. मंगळवारी ते गेले.

तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुआला एक बाई आल्या. जयमालाताई. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत रक्ततपासणीचं शिबिर भरवणाऱ्या संस्थेत त्या काम करतात. माझा हात धरून म्हणाल्या, "साबिया, अब्बा लातूरहून कधी परतले गं?"

"ते लातूरला गेलेच नव्हते."

त्या गोंधळल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. शिबिरात अब्बांना हेपॅटायटिस सी, म्हणजे हळूहळू लिव्हर खाणारी कावीळ, निघाली होती. फॉर्मवर नंबर माझ्या भावाचा, नदीमभाईचा होता. आमच्या घरातला प्रत्येक कागद त्याच्याच नंबरावर चालतो. जयमालाताईंनी चारदा फोन केला. चारही वेळा भाई म्हणाला, अब्बा गावी, लातूरला आहेत.

"बारा आठवड्यांच्या गोळ्या, त्याही फुकट. वेळेत सुरू झाल्या असत्या तर... अम्मीची तपासणी मात्र करून घ्या."

बाहेर भाई आल्यागेल्याला पाणी देत होता. मुलगा असावा तर असा, असं कुणीतरी म्हणालं. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. तो नाकबूल करेल अशी माझी आशा होती.

"तुझ्यासाठीच केलं," तो म्हणाला. "चिंचवडवाल्यांना कळलं असतं तर मंगनी मोडली असती. निकाहनंतर बघू म्हटलं. तारीख त्यांनीच दोनदा पुढे ढकलली, मी काय करू?"

"अब्बांना तरी सांगायचंस."

"अब्बांच्या पोटात काही राहायचं का? त्याच दिवशी अख्ख्या गॅरेजला कळलं असतं."

चौदा महिने हा त्यांच्या शेजारी बसून जेवत होता. तेही माझ्या नावावर.

मंगनीच्या दिवशी अब्बांनी विचारलं होतं, "बेटा, राजी आहेस ना?" मी मान खाली घातली होती. आमच्यात मुलीचं गप्प राहणं म्हणजे होकार. सगळ्यांनी तो धरला, आणि मी धरू दिला.

"भाई," मी म्हणाले, "मला ते लग्न कधीच नको होतं."