काळ्या गाडीचं शेवटचं पॉलिश

मी काळी गाडी बोलतेय. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, रस्त्याने निघाले की पोरं शिट्ट्या मारतात ती. मारू देत बापडी. मला मात्र कुठेतरी सावलीत पडून राहावंसं वाटतं. दमलेय हो मी. वय काही फार नाही, पण काळ्या रंगाचं दुखणं काळ्या रंगालाच ठाऊक. पांढऱ्या गाडीवर धूळ बसली तरी खपून जाते, माझ्यावर माशी बसली तरी लांबून दिसते.

माझा पहिला मालक पुण्यातला. त्याने मला चालवलं कमी आणि झाकलं जास्त. मनात आलं की घासून चकचकीत करून आणायचा आणि पुन्हा झाकायचा. मग त्याचं मन भरलं आणि मी मुळशीत आले, भरे गावच्या कैलासकडे. कैलासने रस्त्याकडेच्या जमिनीवर खोल्या बांधल्या, भाडेकरू ठेवले, आणि लहानपणापासूनची हौस म्हणून मला आणलं.

दारात त्याची आई, रत्नाबाई, भाकरतुकडा घेऊन उभी होती. माझ्यावरून ओवाळता ओवाळता म्हणाली, "आगं बाई, केवढी बुटकी! हिला कुनी खायाला घातलं न्हाई का काय?" कैलास खो खो हसला. मग तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. शेतात राबलेला खरबरीत हात. तेव्हापासून येता-जाता, गोठ्यातल्या गाईला थोपटावं तसं ती मला थोपटायची. खोटं कशाला सांगू, इतकं प्रेमाने मला कुणी हात लावला नव्हता.

बाकी इथलं जिणं म्हणजे वैताग. एकेका गतिरोधकावर पोट खरवडून निघायचं. डंपर खडी उडवत जायचे. डांबराचे शिंतोडे तर असे चिकटले की कैलासने शंभरदा पुसले तरी हलले नाहीत.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी या घरात नांगराचा फाळ, विळे, कोयते, सगळं घासूनपुसून पूजेला मांडतात. कैलास पिरंगुटला हार-नारळ आणायला गेला होता. रत्नाबाईने कोयता लखलखीत केला, समई केली, आणि मग तिची नजर माझ्यावर गेली. "तू पन घरातलीच की," असं म्हणाली आणि चुलीतली राख अन् नारळाचा काथ्या घेऊन आली.

अहो, काय सांगू! बॉनेट, दारं, टप, एक इंच सोडला नाही तिने. घाम गाळून घासलं. मला बोलता आलं असतं तर ओरडले असते, पण तिचा चेहरा बघितला असता तर तुम्हीही गप्प बसला असता. डांबर निघालं ते बघून तिला कोण आनंद झाला. वरून पाणी ओतलं आणि पदराने कपाळ पुसत ती लेकाची वाट बघत बसली.

कैलास आला. उन्हात माझं सगळं अंग कोळ्याच्या जाळ्यासारखं ओरखडलेलं दिसत होतं. हातातला हार तसाच राहिला. भाडेकरू गॅलरीत उभे होते, त्यांच्यादेखत तो आईवर ओरडला, "तुला काय कळतं का यातलं? वाटोळं केलंस! परत माझ्या गाडीला हात लावू नको!"

रत्नाबाई उठली. काथ्या उचलला, बादली उचलली, आत गेली. त्या दिवसापासून ती मला वळसा घालून जायला लागली.

कैलासने मला भूगावला उत्कर्षाच्या दुकानात नेलं. गाड्यांचा खराब झालेला रंग पूर्ववत करून देणं हा तिचा धंदा. बाई बोलकी आणि हाताची हलकी. तिने दिवा माझ्यावर धरला आणि कपाळाला हात लावला. "दादा, ही गाडी आहे की पितळी घंगाळ?" मग तिने छोटं यंत्र लावून माझा रंग मोजला आणि हसायची थांबली. "वरचा पारदर्शक थर फार पातळ राहिलाय. आधीच्या मालकाने लई वेळा घासून घेतलीय. मी ओरखडे काढते, पण हे शेवटचं. यानंतर मशीन लावलं तर रंगच निघून येईल."

तिने मला फेसाने न्हाऊ घातलं, कडांना चिकटपट्ट्या लावल्या, आणि फिरतं मशीन अंगावर धरलं. लोकांना वाटतं ओरखडा भरून काढतात. कसला भरतात! त्याच्या आजूबाजूची चांगली कातडी झिजवून ओरखड्याच्या पातळीला आणतात, म्हणजे तो दिसेनासा होतो. शेवटी वर काचेसारखा एक लेप दिला. मी आरशासारखी चमकले आणि आतून पार गळून गेले.

घरी आल्यावर कैलासने सगळ्यांना बजावलं, "आता हिला परत घासता येनार न्हाई. कुनी जवळ जायचं न्हाई, टेकायचं न्हाई." आईकडे बघून बोलला नाही, पण ती दारातच उभी होती. तिने ऐकलं.

भाऊबीजेला तिला ताम्हिणीला जायचं होतं, भावाकडे. एसटी गच्च भरून आली आणि न थांबताच गेली. कैलास म्हणाला, "चल आई, मी सोडतो." ती कितीतरी वेळ उभी राहिली. मग वाकून आत बसली. ओवाळणीचं ताट मांडीवर घट्ट धरलं, कोपर अंगाशी आवळून घेतले. कुठे टेकली नाही, कशाला धरलं नाही. घाटातल्या वळणावर आदळली, तरी नाही. कैलासला वाटलं, आई अजून रुसलीय. मला ठाऊक होतं, ती घाबरलीय.

ताम्हिणीला तिचा भाऊ गेणबा बांधावर वाट बघत होता. रत्नाबाई उतरली आणि खडकाळ वाटेने चालायला लागली. कैलास दार लावता लावता थांबला.

"आई, चपला कुटं हायेत?"

"अंगनात काढून ठिवल्या."

"का?"

"तुझी गाडी खराब व्हईल म्हनून."

कैलास तिथेच उभा राहिला. देवळात जाताना काढाव्यात तशा तिने चपला काढल्या होत्या, लेकाच्या गाडीत बसायला. त्याचे डोळे भरून आले. त्याने खाली बसून स्वतःचे बूट काढले, आईचा एकेक पाय धरून त्यात घातला आणि नाड्या बांधल्या. तिने पाय मागे ओढला, त्याने सोडला नाही.

"चुकलं माझं, आई," एवढंच म्हणाला.

गेणबा लांबून ओरडला, "रत्ने, पोलिसात भरती झालीस का काय गं?" ती पदर तोंडाला लावून हसली आणि ते ढगळे बूट फटक फटक वाजवत वर गेली. मागून कैलास अनवाणी, खडे टोचतायत म्हणून लंगडत.

संध्याकाळी परतताना बूट चिखलाने माखले होते. दारापाशी ती नाड्या सोडायला वाकली. कैलास म्हणाला, "ऱ्हाऊ दे, तशीच बस."

"घान व्हईल रं."

"व्हऊ दे."

मग तिने करंजीच्या तुपाचा हात माझ्या दारावर टेकला आणि आत बसली.

आता उन्हाळा लागलाय. माझ्या टपावर धोतर अंथरलंय आणि त्यावर रत्नाबाईने कुरडया वाळत घातल्यात. भाडेकरू फोटो काढतात. कैलास मनातल्या मनात चरफडतो, पण आवाज चढवत नाही. ताटाच्या काठाने परवा एक नवा ओरखडा उठला. उत्कर्षा म्हणाली तसंच आहे, तो आता निघायचा नाही.

मीही दमलेलीच आहे. हे पाठीवर आग ओकणारं ऊन, ते गतिरोधक, काही बदललेलं नाही. पण तुमच्या घरात अशी जपलेली एखादी वस्तू असेल तर तुम्हाला हात जोडून सांगते, तिच्यासाठी म्हातारीवर ओरडू नका. आमचं काय, आज ना उद्या भंगारातच जायचंय. तोवर, रत्नाबाई, घाल बाई तुझ्या कुरडया.